दुधाआधी ऊब
आईवाचून उरलेल्या, डोळेही न उघडलेल्या मांजराच्या पिलाला दूध पाजण्याआधी ऊब द्यावी लागते, कारण गारठलेल्या पिलाची पचनक्रिया मंदावते आणि पोटात गेलेले दूध त्याच्या जिवावर बेतू शकते. गाईच्या दुधात मांजरीच्या दुधापेक्षा प्रथिने बरीच कमी असल्याने पिलांसाठी तयार केलेले पर्यायी दूध दर 2-3 तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावे लागते. आणि तेही पिलाला पालथे ठेवून, कारण उताणे धरल्यास दूध श्वासनलिकेत शिरून न्यूमोनिया, म्हणजे फुप्फुसाचा दाह, होण्याचा धोका असतो. याहून दुर्लक्षित, पण तितकेच निकडीचे काम दूध पाजून झाल्यावरचे आहे: एरवी आई चाटून जे साधते, ते मलमूत्रविसर्जन पहिले सुमारे 3 आठवडे सांभाळणाऱ्यालाच कोमट ओल्या कापसाने हळुवार पुसून घडवून आणावे लागते.