क्विंटलभर कापूस, तोळाभर सोनं

यवतमाळ जिल्ह्यात सोन्याचं जुनं माप कापसाचं. क्विंटलभर कापूस विकला की तोळाभर सोनं यायचं, असं राळेगाव-दारव्ह्याकडची जुनी माणसं अजून सांगतात. राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली त्या 1972 साली दहा ग्रॅम सोनं दोनशे रुपयांच्या आसपास मिळत होतं. 2025-26 च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये जाहीर झाला. सोनं त्याआधीच, एप्रिल 2025 मध्ये, लाखाला टेकलं होतं. म्हणजे पूर्ण हमीभाव हातात पडला तरी तोळ्यामागे बारा क्विंटलांहून जास्त कापूस. कोरडवाहू रानात ते दोन-अडीच एकरांचं पीक झालं.

असं का झालं, याचं उत्तर सराफ्यात तयार असतं: ‘सरकार नोटा छापतं, दुसरं काय!’ त्यात तथ्य आहे, पण गोष्ट इतकी सरळ नाही.

नोट छापली जाते ती शेवटी. पैसा त्याआधीच तयार झालेला असतो. रिझर्व्ह बँक एखाद्या बँकेकडून डॉलर किंवा सरकारी रोखे विकत घेते आणि त्या बँकेच्या खात्यात रक्कम जमा करते. ती रक्कम आधी कुठेही नव्हती. पुढे बँका तेच काम आपल्या पातळीवर करतात. दिग्रसच्या शाखेतून एखाद्याच्या खात्यात लाखाचं पीककर्ज पडतं, तेव्हा दुसऱ्या कुणाच्या ठेवीतून लाख रुपये वजा होत नाहीत. 1997 पर्यंत तर केंद्र सरकारला तूट भरायला रिझर्व्ह बँकेकडे तात्पुरत्या हुंड्या देऊन पैसे उचलता येत. ती वाट त्या वर्षी बंद झाली. नोटांमागे कायद्याने ठेवावं लागणारं सोनं 1957 पासून अवघ्या 115 कोटी रुपयांचं. आजच्या नोटांच्या ढिगापुढे हा आकडा नावापुरताच.

जगात डॉलरची सोन्याशी असलेली गाठ अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांनी 15 ऑगस्ट 1971 रोजी सोडली. तेव्हापासून कुठल्याही मोठ्या चलनाला सोन्याचा लगाम नाही.

तरीही पैसा वाढला की सोनं लगेच चढतं, असं नाही. करोनाकाळात अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने आपला ताळेबंद चार लाख कोटी डॉलरवरून दोन वर्षांत नऊ लाख कोटींच्या घरात नेला. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही 2021 मध्ये एका तिमाहीत लाख कोटींचे रोखे घ्यायची योजना काढली. सोनं मात्र ऑगस्ट 2020 मध्ये छप्पन्न हजारांपर्यंत जाऊन घसरलं आणि पुढची दोनेक वर्षं तिथेच घुटमळलं. खरी उसळी आली ती फेडने पैसा आवळायला घेतल्यानंतर.

कारण या वेळी गिऱ्हाईक वेगळं होतं. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर पाश्चात्त्य देशांनी रशियाची सुमारे तीनशे अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. दुसऱ्याच्या चलनात ठेवलेला पैसा एका आदेशाने अडकू शकतो, हे सगळ्या मध्यवर्ती बँकांना कळून चुकलं. 2022, 2023 आणि 2024 अशी सलग तीन वर्षं त्यांनी दरवर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. ज्यांच्या हाती पैसा निर्माण करण्याची किल्ली, तेच सोन्याच्या दुकानात रांगेत! माझ्या मते सोन्याच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज बांधताना छापखान्यापेक्षा या रांगेकडे पाहावं.

त्या रांगेत रिझर्व्ह बँकही आहे. 1991 मध्ये तिने परकीय चलनासाठी सुमारे 47 टन सोनं परदेशी गहाण ठेवलं. ते सोडवलं, 2009 मध्ये नाणेनिधीकडून 200 टन विकत घेतलं आणि मार्च 2025 अखेर साठा 880 टनांच्या जवळ गेला. त्यातलं पाचशे टनांहून अधिक देशातच आहे, मुंबई आणि नागपूरच्या तिजोऱ्यांत. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर.

रांग ओसरली तर? तेही घडलेलं आहे. जानेवारी 1980 मध्ये औंसाला 850 डॉलरवर गेलेलं सोनं पुढची वीस वर्षं उतरत जाऊन अडीचशेपर्यंत आलं. रुपया घसरत गेल्याने आपल्याकडे ती पडझड जाणवली नाही, पण त्या काळात साधी मुदत ठेव सोन्याला मागे टाकत होती. 2012 ते 2018 या काळातही भाव तीस हजारांच्या आसपासच रेंगाळला. खुद्द केंद्र सरकार इथे चकलं. नोव्हेंबर 2015 मध्ये ग्रॅमला 2,684 रुपयांनी विकलेले पहिले सुवर्णरोखे आठ वर्षांनी 6,132 रुपयांनी फेडावे लागले, वर व्याज वेगळं. फेब्रुवारी 2024 नंतर नवे रोखे निघालेले नाहीत.

आणि धोरणाची गंमत पाहा. ऑगस्ट 2025 मध्ये आयात कापसावरचं 11 टक्के शुल्क उठवलं आणि सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमका आपला कापूस जिनिंगच्या दारात येतो तेवढा काळ. सोन्यावर मात्र 6 टक्के आयात शुल्क होतंच.

इथला शेतकरी सोनं घेतो ते चुकारा हाती आल्यावर, दिवाळीनंतर. एकदाणी, पाटल्या, पोरीच्या लग्नाचं काही. तेच जूनमध्ये बियाणं-खतासाठी गहाण जातं. यात भावाच्या अंदाजापेक्षा महाग पडतात त्या मजुरी, 3 टक्के जीएसटी, मोडताना धरली जाणारी घट आणि गहाणावरचं व्याज. म्हणून गहाणाचे नियम माहीत असलेले बरे. रिझर्व्ह बँकेने जून 2025 मध्ये नवे निर्देश काढले. 1 एप्रिल 2026 पर्यंत ते लागू करायचे होते. घरगुती गरजेसाठी अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या 85 टक्क्यांची मर्यादा आहे, आणि मुदतीअखेर एकरकमी फेडायचं असेल तर व्याजही त्याच मर्यादेत धरलं जातं. कर्ज फिटल्यावर दागिने जास्तीत जास्त सात कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला, तर प्रत्येक दिवसाचे पाच हजार रुपये तिने द्यायचे आहेत.