जब्दीची होडी

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील सॅन डिएगो येथे मुलाकडे काही महिने राहण्याचा योग आला. एके दिवशी कामावरून येताच तो म्हणाला, “पप्पा, शुक्रवारी रात्री आपल्याला पार्टी बोटीवर जायचे आहे.” मला वाटले, खाणेपिणे, नाचगाणे असा काही प्रकार असणार. “माझ्या वयाला ते शोभणार नाही,” असे मी सांगून टाकले. तो हसला. पार्टी म्हणजे तेथे नुसती मंडळी. माणशी भाडे देऊन मंडळीने समुद्रावर मासे धरावयास जायचे, अशी ती बोट. या खेपेस त्याच्या धर्मग्रामातील पुरुषमंडळाने अख्खी बोटच ठरविली होती.

मासे धरावयास जायचे, हे शब्द कानी पडताच माझे मन चपापले. कारण मी वसईच्या कोळ्याचा मुलगा. पण वडिलांच्या होडीत मी एकदाही बसलो नव्हतो. ते का, हे पुढे सांगणारच आहे.

पॉइंट लोमा या भागातून रात्री नऊच्या सुमारास आमची बोट सुटली. आम्ही २४ जण होतो. प्रत्येकाला क्रमांक मिळाला होता. जो मासा मिळेल त्याला तो क्रमांक लावायचा, म्हणजे वाद नको. सोळा वर्षांवरील प्रत्येकाजवळ मासेमारीचा सरकारी परवाना असावा लागतो, तो मुलाने आधीच काढून ठेवला होता. गंमत म्हणजे असा हौसेने धरलेला मासा तेथे विकता येत नाही. घरी न्यावा, शेजाऱ्यास द्यावा. बाजारात नेला तर गुन्हा. डोक्यावर पाटी घेऊन वसईच्या गल्ल्या तुडविणारी माझी आई मला त्या क्षणी आठवली.

बंदरातून बाहेर पडण्यापूर्वी बोट एका तरंगत्या तराफ्यापाशी थांबली. तेथे जिवंत तारलीच्या जातीचे मासे आमिषासाठी मोठ्या जाळीदार पेटाऱ्यांत सांभाळलेले असतात. खलाशांनी ते झेल्यांनी भरभरून आमच्या बोटीवरील टाकीत ओतले. टाकीत समुद्राचे पाणी अखंड खेळते ठेवलेले. भोवती समुद्रसिंह कुत्र्यांसारखे भुंकत होते. मग दिवे मागे पडले आणि आम्ही सॅन क्लेमेंटे बेटाच्या दिशेने निघालो. हे बेट सॅन डिएगोपासून सुमारे ६८ सागरी मैलांवर. १६०२ मध्ये स्पॅनिश दर्यावर्दी विझ्काइनो याने त्याला संत क्लेमेंट पोपमहोदयांचे नाव दिले. त्यांच्या गळ्यात नांगर बांधून त्यांना समुद्रात लोटले, असे परंपरा सांगते. म्हणून ते दर्यावर्द्यांचे आश्रयदाते.

खाली एकावर एक अशा अरुंद खाटा होत्या. इंजिनाची धडधड, डिझेलचा दर्प आणि लाटांचे हेलकावे. झोप येईना. जपमाळ हाती घेतली, पण मन वारंवार पाचूबंदरकडे धाव घेऊ लागले.

बाबांचे जाळे डोलीचे. समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना ते पिशवीसारखे जाळे बांधायचे. पाण्याची ओढ मासळी आत लोटते, आणि ओढ थांबली की जाळे उचलायचे. भरती-ओहोटीला घड्याळ कळत नाही. त्यामुळे बाबा कधी मध्यरात्री उठत, कधी पहाटे. त्यांच्या होडीत खाट नव्हती. गुंडाळलेले शीड हीच उशी. बोंबील आले की आई ते बांबूच्या मांडवांवर वाळत घाली, आणि तो वास आमच्या घराला, कपड्यांना, माझ्या वह्यांनाही लागे. शाळेत बागायतदारांची मुले माझ्या बाकावरून सरकून बसत.

आठवीत एक फॉर्म भरावयाचा होता. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी लिहिले, ‘शेती’. बाबांनी त्यावर अंगठा उठविला. “काय लिहिलेस रे?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “जे लिहितात ते.” त्यांनी विश्वास ठेवला. अकरावीची परीक्षा संपल्यावर ते म्हणाले होते, “एकदा चल माझ्यासंगे, बघ तरी.” मी पोटदुखीचे निमित्त सांगितले. पुढे रेल्वेत नोकरी लागून बडोद्यास आलो. १९८१ साली बाबा गेले. ज्या हातांनी मला वाढविले ते हात काम करताना मी कधी पाहिलेच नाहीत.

पहाटे धुक्यातून बेटाची काळी कड दिसू लागली. मी वर आलो, आणि आलो तोच कठड्यावर वाकून पोटातले सारे समुद्रास अर्पण केले. कोळ्याच्या मुलाची ही शोभा! मुलाने मुकाट्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पाणी आणून दिले.

इतक्यात मागच्या टोकाला एका तरुणाच्या गळाला कुपा लागला. निळ्या पराचा, मोठ्या जातीचा. दोरी सरसर सुटू लागली. मासा जिकडे जाईल तिकडे माणसाने कठड्याने चालत जायचे, हा तेथला नियम. तो आला की बाकीचे आपल्या काठ्या उचलून वाट देत, कुणी त्याची काठी आपल्या काठीखालून पुढे सारी. चाळीस मिनिटे हा खेळ चालला. शेवटी खलाशाने आकडा घालून मासा वर घेतला, तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजविल्या.

या माशाची कथा ऐकण्याजोगी आहे. अमर्याद मासेमारीमुळे पॅसिफिक महासागरातील त्याची वीण इतकी खालावली होती की, २०१० च्या सुमारास मूळ प्रमाणाच्या जेमतेम दोन टक्के पोक्त मासे उरले होते. तेव्हा अनेक राष्ट्रांनी हात आखडता घेतला. अमेरिकेच्या या किनाऱ्यावर २०१५ मध्ये हौशी माणसाची मर्यादा दिवसाला दहावरून दोन माशांवर आणली गेली. २०२४ च्या शास्त्रीय पाहणीत दिसून आले की, ठरविलेले उद्दिष्ट मुदतीच्या सुमारे दहा वर्षे आधीच गाठले गेले आहे. माणसाने ‘पुरे’ म्हटले की सृष्टी भरभरून देते, ती अशी.

दुपारी माझ्याही हाती काठी आली. सुमारे ५० वाव खोल खडकाळ तळावर शिसे पोहोचले, आणि काही वेळाने दोरीला झटके बसले. हात भरून आले तरी मी ओढतच राहिलो. वर आला तो नारिंगी रंगाचा मासा, डोळे बाहेर आलेले, पोट फुगलेले. खोल पाण्याचा दाब एकाएकी सुटल्याने त्याच्या अंगातील हवेची पिशवी फुगते. खलाशी म्हणाला, ही जात धरण्यास मनाई आहे. पण नुसता पाण्यात टाकला तर तो तरंगत मरेल. म्हणून त्याने माशाच्या जबड्याला वजन लावलेला चिमटा अडकविला आणि त्याला पुन्हा तळाशी सोडले. खोलवर पोहोचताच चिमटा आपोआप सुटतो. दोरी रिकामी वर आली. माझ्या आयुष्यातील पहिला मासा असा परत गेला. आणि खरे सांगतो, मला वाईट वाटले नाही.

परतीच्या वाटेवर खलाशी मासे साफ करीत बसले. माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांचे घराणे पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरचे. पॉइंट लोमाच्या पोर्तुगीज कोळ्यांनी एके काळी सॅन डिएगोला कुप्याच्या धंद्याची राजधानी बनविले होते. त्यांचे वडील बांबूच्या काठीने कुपा धरीत. मासा मोठा असला तर दोघे-तिघे आपापल्या काठ्यांच्या दोऱ्या एकाच गळाला बांधून तो उचलीत. तेथे शेल्टर आयलंडवर अशा तिघांचा पुतळाही आहे. हे सारे ते अभिमानाने सांगत होते. मग त्यांनी मला विचारले, “आपले वडील काय करीत?”

माझी जीभ अडखळली. एवढ्यात मुलगा म्हणाला, “माझे आजोबा वसईचे मच्छीमार होते. डोलीचे जाळे घालीत.” वृद्धाने माझा हात हातात घेतला व बराच वेळ सोडला नाही.

ते उठून गेल्यावर मी मुलाकडे पाहिले. तो हळूच म्हणाला, “पप्पा, आजीने मला सगळे सांगितले होते. त्या फॉर्मचेसुद्धा. तुमच्या गुरुजींच्या दारी ती मासळी विकायला जाई, तेव्हा तिला कळले. आजोबांना तिने कधीच सांगितले नाही. तुम्ही होऊन सांगाल म्हणून मी थांबलो होतो.”

मी काहीच बोलू शकलो नाही. समुद्रावर अंधार पडला होता.

शुभवर्तमानात याकोब आणि योहान प्रभूच्या हाकेसरशी निघाले, तेव्हा त्यांचा बाप जब्दी मजुरांसह होडीत मागे राहिला, असे संत मार्क सांगतो. शिष्यांच्या त्यागावर मी पुष्कळ प्रवचने ऐकली. जब्दीवर एकही ऐकल्याचे आठवत नाही. त्या संध्याकाळी जाळी कोणी सावरली असतील? आणि त्या मुलांना निदान प्रभूने बोलावले होते. माझ्या बापाला मी होडीत सोडले ते कोणाच्या हाकेने नव्हे, केवळ वासाच्या लाजेने.

भारतात परतल्यावर २ नोव्हेंबरला, सर्व मृतात्म्यांच्या दिवशी, मी वसईला गेलो. त्याआधी धर्मगुरूंपाशी पापनिवेदन केले होते. साठ वर्षांपूर्वीचा एक शब्द सांगण्यास मला बराच वेळ लागला. बाबांच्या कबरीवर मेणबत्ती लावली आणि मनातल्या मनात सांगितले, “बाबा, जाऊन आलो. एक मासा मिळाला, तो परत सोडला.”

वाचकहो, ज्यांचे वडील हयात आहेत त्यांच्यापाशी एवढेच मागणे: वडील जेथे राबतात तेथे, शेतावर, गिरणीत, दुकानात किंवा होडीत, एकदा त्यांच्यासंगे जा आणि दिवसभर नुसते बसून त्यांचे हात पाहा. त्यांनी “चल” म्हटले, तर पोटदुखीचे निमित्त सांगू नका.