भाव सांगण्याचा हक्क

"धंदा रक्तात असावा लागतो," हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मालवणात ते दोनदा ऐकावं लागतं. एकदा कोकणी म्हणून: कोकणी माणूस चाकरमानी, त्याला मुंबईची नोकरीच हवी. दुसऱ्यांदा बौद्ध म्हणून: तुमच्या लोकांना आरक्षण हवं, दुकान टाकायची धमक नाही. आमची काही शिकलेली पोरंही आता हे खरं मानू लागली आहेत, म्हणून लिहावं लागतंय.

आमची आजी बांबूचं काम करायची. बांबू फोडायचा, कामट्या तासायच्या, सूप, रोवळी, हारा विणायचा, पावसाआधी माल तयार ठेवायचा आणि डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायचं. कच्चा माल, कसब, हंगामाचा अंदाज, विक्री, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. यात उद्योग नाही असं कोण म्हणेल? पण खळ्यात उभ्या असलेल्या बाईनं विचारलं, "केवढ्याक गो हारो?" की आजी म्हणायची, "तुमका वाटात ता दिया."

हे वाक्य आम्हांला फार उशिरा कळलं. आजीला हिशोब येत नव्हता असं नाही. तिला भाव सांगायचा हक्क नव्हता. बलुत्याच्या व्यवस्थेत कामाला किंमत नसते, सुगीला देणाऱ्याच्या मर्जीनं दाणे मिळतात. कमी पडले तर "नको" म्हणता येत नाही. पिढ्यान् पिढ्या ज्याला स्वतःच्या मालाचा भाव सांगता आला नाही, त्याच्यात उद्योजकता नाही असं म्हणणं म्हणजे पाय बांधून धावण्याची शर्यत लावणं आहे.

बाबासाहेबांनी हे मुळातून ओळखलं होतं. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. 17 सप्टेंबर 1937 रोजी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. आपलं मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं आणि खोतीचा जाच या जिल्ह्याला नवा नव्हता. श्रमाला ठरलेला मोबदला आणि कसणाऱ्याला जमिनीवर हक्क, या दोन गोष्टींशिवाय माणसाच्या हातात भांडवल येणार कुठून? हलकी गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा आला तो 1958 मध्ये. म्हणजे इतरांच्या दुकानांना शंभर वर्षं होत आली, तेव्हा आम्ही वेठीतून सुटत होतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही घरच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या. सोबत जेवण: बांगड्याचं तिकलं, भाकरी, सोलकढी. कर्जासाठी एका बँकेत गेलो. साहेबांनी तारण मागितलं. आमच्या सातबाऱ्यावर भाऊबंदांची अठरा नावं, निम्मी मुंबईत. परत आलो. लघुउद्योगाच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम होता, हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हतं. शेवटी वाडीतल्या बायकांच्या बचत गटानं पैसे उभे केले.

मग एक हितचिंतक आले. म्हणाले, "सगळं झ्याक आसा, पण बाहेरच्या खोलीतलो बाबासाहेबांचो फोटो आत घेवा. गिऱ्हाईक बिचकता." ते वाईट हेतूनं बोलले नव्हते. त्यांना बाजार माहीत होता. आमच्या हातचं सूप सगळ्यांच्या घरात चाललं, त्यात पाखडलेला तांदूळ देवालाही चालला. आमच्या हातचं जेवण चालेल का, हा प्रश्न मात्र वेगळा होता.

त्या रात्री घरात वाद झाला. कर्ज डोक्यावर होतं, त्यामुळे फोटो आत घेऊ म्हणणाराही आमच्यातलाच होता. तेव्हा बाबासाहेबांच्याच आयुष्यातली एक गोष्ट आठवली. 1917 मध्ये लंडनहून परतल्यावर, बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर, त्यांनी मुंबईत शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला माणूस! गिऱ्हाईक येऊ लागलं. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ते थांबलं आणि व्यवसाय बंद पडला. तिथे धमक कमी होती की ज्ञान?

फोटो तिथेच राहिला. काही लोक उंबऱ्यावरून परत गेले, हेही खरं. पहिला हंगाम तोट्यात गेला. गट पाठीशी होता म्हणून दुसरा हंगाम बघता आला. एकदा बुडून पुन्हा उभं राहण्याची मुभा ज्याला असते, त्यालाच लोक धाडसी म्हणतात. ज्याच्या मागे मामाची पेढी आणि काकाचं गोदाम आहे, त्याचं धाडस रक्तातलं वाटतं. ते गोदामातलं असतं.

काही साथी विचारतील, मग काय आपण भांडवलदार व्हायचं? 1938 मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू सांगितले होते. ते आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच बचत गट, सहकार, वाडीतल्या मुलांना पूर्ण मजुरी. दुसऱ्याच्या श्रमाचा भाव पाडून मोठं व्हायचं असेल तर आजीचा अपमान आपणच पुढे चालवू.

तरुण मित्रांनो, आरक्षणाची लढाई सोडू नका. पण धंद्याची वाटही रक्ताच्या गप्पा ऐकून सोडू नका. योजना आणि नियम वाचा, बँकेत नकार मिळाला तर तो लेखी मागा, एकट्यानं जाऊ नका. आणि आपल्या माणसाच्या दुकानात गेलात की उधारी आणि घासाघीस करू नका.

आमच्या ओट्यावर आता दरफलक आहे. आमच्याच वाडीत विणलेल्या हाऱ्या-रोवळ्या तिथे विकायला ठेवल्या आहेत, प्रत्येकीवर किंमत लिहिलेली. परवा एका पाहुण्यानं विचारलं, "काही कमी होईल का?" आमची धाकटी मुलगी म्हणाली, "नाही हो काका, हाच भाव आहे." त्यांनी पैसे मोजून दिले.

जय भीम!