वारा दिशा बदलतो तेव्हा

माघातली थंडी ओसरू लागते आणि फाल्गुन लागताच रत्नागिरीच्या सड्यांवर वारा मोकळा सुटतो. पहाटे तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्याला आपण मतलई म्हणतो. कोरडा, हलका, सुरंगीच्या फुलांचा आणि भाजावळीच्या धुराचा वास बरोबर घेऊन येणारा. ऊन चढले की तो मंदावतो, काही काळ झाडाचे पान हलत नाही आणि मग दुपारच्या सुमारास भाट्ये-मांडवीच्या अंगाने खारा वारा आत शिरतो. कातळ लवकर तापतो, पाणी सावकाश तापते. तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा धावून येते. रात्री जमीन आधी निवते आणि हाच व्यवहार उलट दिशेने सुरू होतो. भूगोल शिकवणारे आमचे सहकारी हे सारे फळ्यावर दोन बाणांनी दाखवतात. ज्या दिवशी खाऱ्या वाऱ्याला उशीर होतो, त्या दिवशी मात्र बाणांची गरज उरत नाही. सगळा वर्ग आपोआप पश्चिमेच्या खिडक्यांकडे पाहू लागतो.

या वाऱ्याविषयी तक्रार करणारेही पुष्कळ आहेत. बागायतदाराला तो फार झालेला नको असतो, कारण सुपारीएवढ्या कैऱ्या देठापासून गळून झाडाखाली सडा पडतो. भाजावळ करणाऱ्या शेतकऱ्याला तो नको असतो, कारण पेटवलेला पातेरा उडून शेजाऱ्याच्या काजूत शिरण्याची धास्ती असते. आमच्या शाळेत उत्तरपत्रिकांवर दगड ठेवावे लागतात, दारे आपटू नयेत म्हणून त्यांना विटा लावाव्या लागतात. मैदानावरचा पंचशील ध्वज तर दरवर्षी याच दिवसांत कडेने विरतो आणि १४ एप्रिलपूर्वी नवा शिवून घ्यावा लागतो. तरीही वर्षातला हाच ऋतू आम्हाला सर्वाधिक प्रिय आहे. काटेसावरीची बोंडे उकलून कापूस उडू लागला, पांगारा पेटला, की आमचे मन प्रसन्न होते. या प्रसन्नतेमागे केवळ निसर्गाची आवड नाही. आम्ही इतिहास शिकवतो, आणि या वाऱ्याला आमच्या समाजाच्या इतिहासात एक जागा आहे.

महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत आमची वस्ती गावाच्या पूर्वेला असे. वर्षाचा बराचसा काळ वारा पश्चिमेकडून वाहतो. म्हणून गावावरून आलेला वारा आमच्यावरून जावा, आमच्यावरचा वारा गावावर जाऊ नये, असा त्या रचनेमागचा हिशेब सांगितला जातो. कोकणात डोंगरउतारामुळे वाड्या विखुरलेल्या, तरी मनातला हिशेब तोच होता. सावली नको, स्पर्श नको, वाराही नको! पण हा हिशेब करणाऱ्यांना मतलईचा विसर पडला असावा. समुद्राच्या काठावर वारा दिवसातून दोनदा दिशा बदलतो. पूर्वेकडच्या वस्तीवरून निघालेली पहाटेची झुळूक गावातल्या ओटीवर, माजघरात आणि देव्हाऱ्यातही रोज जात होती. तिला कोणी अडवले नाही, कारण अडवता आले नाही.

पाणी मात्र अडवता येत होते. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. ते दिवसही फाल्गुनातलेच होते. त्यानंतर पंचगव्याच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करून घेण्यात आले आणि वाद न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आमच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे पुन्हा याच ऋतूत, दहा वर्षांनी. मधल्या काळात १४ एप्रिल १९२९ रोजी चिपळूणला रत्नागिरी जिल्हा शेतकरी परिषद भरली. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. त्या दिवशी त्यांच्या वयाला ३८ वर्षे पूर्ण होत होती. विषय होता खोतीचा. पिकाचा मोठा वाटा उचलणारा आणि वर फुकटची कामे करवून घेणारा खोत कुणबी कुळालाही पिळत होता आणि महार कुळालाही. पुढे १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. वीस वर्षे लागली. पण चिपळूणला वारा फिरला होता.

या साऱ्या तारखा मार्च-एप्रिलच्या आसपास याव्यात, हा निव्वळ योगायोग आहे असे आम्हाला वाटत नाही. कोकणातल्या शेतकऱ्याला भाताची कापणी-मळणी उरकल्यावर आणि पेरणीपूर्वी जी थोडी मोकळीक मिळते, ती याच दिवसांत. नद्यांचे पाणी उतरलेले असते, पायवाटा कोरड्या असतात, मुंबईच्या गिरण्यांतले चाकरमानी शिमग्याला घरी आलेले असतात आणि त्यांच्याबरोबर शहरातले विचारही वाडीवर आलेले असतात. माणसे जमू शकतील असा हा ऋतू. वाऱ्याला पूर्वी अडसर नव्हताच. या दिवसांत माणसांनीही आपले अडसर काढायला सुरुवात केली.

आता शिमग्याविषयी. तो टाळून कोकणातल्या वसंताविषयी लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गावच्या शिमग्यात प्रत्येक जातीची जागा आणि काम ठरलेले असे. आमच्या वाडीच्या वाट्याला आलेल्या कामांनाही ‘मान’ म्हणत. पण तो मान लांब उभे राहून घ्यायचा होता. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचे दुःख ताजे असतानाच, १९५७ चा शिमगा आला. आमची आजी त्या वर्षाची हकीकत सांगत असे. वाडीने ठरवले की या वर्षापासून कोणी जायचे नाही. गेले नाही. पण रात्री खाऱ्या वाऱ्यावरून ढोलांचा आवाज वाडीत येत राहिला. लहान मुले रडू लागली. बायका गप्प होत्या. मग जाणत्या माणसांनी अंगणात कंदील लावला आणि मुंबईहून आलेला ‘प्रबुद्ध भारत’चा अंक मोठ्याने वाचायला घेतला. वाऱ्याने कंदील दोनदा विझला, दोनदा पेटवला. आजी म्हणायची, “अंधारात बसलो व्हतो, पन लांब हुबं न्हवतो.” या एका वाक्यावर आम्ही अनेक तास शिकवले आहे.

मागल्या वर्षी शिमग्याच्या सुट्टीपूर्वी सातवीतल्या एका मुलाने विचारले, “सर, आम्ही पालखी बघायला गेलो तर चालेल?” वर्ग एकदम शांत झाला. प्रश्न साधा नव्हता. घरी आजोबांनी नको म्हटले होते, शेजारचा मित्र बोलावीत होता, आणि ढोलाचा आवाज त्यालाही १९५७ मधल्या मुलांइतकाच ओढत होता. आम्ही त्याला हो किंवा नाही असे उत्तर दिले नाही. आजीची हकीकत सांगितली आणि विचारले, “तू तिथे कुठे उभा राहशील?” तो विचार करून म्हणाला, “मित्राच्या शेजारी.” त्यावर दुसऱ्याने विचारले, “आणि त्यांनी लांब व्हायला सांगितले तर?” पहिला म्हणाला, “तर परत येईन.” बावीस प्रतिज्ञा मानणाऱ्या घराला पूजा नको, हे त्या मुलाला ठाऊक होते, त्याला मित्र हवा होता. पूर्वजांनी जे सोडले ते का सोडले हे त्याला समजले, आणि आता गावही थोडे बदलले आहे का, हे त्याला स्वतः पाहायचे होते. त्या दिवसाचा इतिहासाचा तास आम्हाला पुरेसा वाटला.

तथागतांनी सर्व संस्कार अनित्य आहेत असे सांगितले. आपल्याकडे हे वचन बहुधा स्मशानात आठवते. जणू अनित्यता ही केवळ वियोगाची वार्ता आहे! आम्हाला ती मुक्तीचीही वार्ता वाटते. जगात काहीच बदलत नसते तर खोत खोतच राहिला असता, तळे बंदच राहिले असते आणि आमची आजी लांब उभीच राहिली असती. ‘सनातन’ या शब्दाचा अर्थच कधी न बदलणारे असा आहे. ज्यांना त्या न बदलणाऱ्या व्यवस्थेत सर्वांत खालची पायरी मिळाली होती, त्यांना बदलाचे भय वाटण्याचे कारण नाही. बदल हा आपला शत्रू नव्हता. तो आपला सर्वांत जुना मित्र आहे.

अर्थात प्रत्येक बदल हितकारकच असतो, असे आम्ही म्हणत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडकडच्या नारळी-पोफळीच्या आणि आंब्याच्या बागा एका दिवसात आडव्या केल्या, घरांवरची कौले-पत्रे उडवून नेले. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे त्याच मंडणगड तालुक्यात आहे. तोही वाराच होता. वाऱ्याची पूजा करायची नसते, त्याला शिव्याही द्यायच्या नसतात. त्याची दिशा आणि जोर ओळखायचा असतो. शीड कधी उभारायचे आणि कधी उतरवायचे हे खलाशाला कळते, त्यालाच प्रज्ञा म्हणावे.

माजी विद्यार्थी मित्रहो, तुम्ही शाळेत येता तेव्हा म्हणता, “सर, आमच्या वेळची शाळा राहिली नाही.” खरे आहे. लोखंडी पेट्या गेल्या, चुलीवरचा पेजेचा टोप गेला, कौलांच्या जागी स्लॅब आला. मुलींचे वसतिगृह झाले आणि वादविवाद स्पर्धेतली ढाल बहुतेक वर्षी त्यांच्याकडेच जाते. आता येथे कातकरी वाडीतली मुले राहतात, कुणब्यांची राहतात. काही पालकांनी हलक्या आवाजात विचारले की ही शाळा आपल्या मुलांसाठी काढली होती ना? त्यांची काळजी आम्ही समजू शकतो. जे फार कष्टाने मिळवले ते वाटून संपेल अशी ती भीती आहे. पण ज्यांना एके काळी वाराही लागू द्यायचा नाही असे ठरवले गेले, त्यांनी बांधलेल्या घराची एकही खिडकी बंद असू नये, असे आम्हाला वाटते. कुंपण घालण्याची विद्या आपल्याला चांगली ठाऊक आहे. ती आपण बाहेर उभे राहून शिकलो आहोत. ती वापरण्याचा मोह टाळणे, हाच आपल्या दीक्षेचा रोजचा अर्थ आहे.

रोजच्या जीवनातले बदल असेच लहान असतात. मुलगा इंजिनिअरिंग न घेता नाटक शिकायचे म्हणतो. मुलगी स्वतःचा जोडीदार स्वतः निवडते. सून नोकरीला जाते आणि आजोबा पहिल्यांदा तांदूळ निवडायला बसतात. वाडीतली अर्धी घरे बंद होऊन मुंबईला जातात आणि उरलेल्या अर्ध्यांना नवा संसार मांडावा लागतो. या प्रत्येक वेळी घराची दारे थोडी आपटतात. दाराला वीट लावावी, महत्त्वाच्या कागदावर दगड ठेवावा, पण दार लावून घेऊ नये.

यंदा मार्चमध्ये जमल्यास शाळेत या. दुपारी दोनच्या सुमारास मैदानाच्या पश्चिम कडेला, काजूच्या सावलीत बसा. मुलांना सोबत आणा आणि त्यांना महाडची, चिपळूणची, आपापल्या आज्यांची गोष्ट सांगा. तोवर खारा वारा येईलच. जय भीम!