सॅक्सचा गुरू, पत्ता कोल्हापूर

कोल्हापुरात काय मिळत नाही? तांबडा-पांढरा मिळतो, चपला मिळतात, गूळ मिळतो, कुस्तीचा वस्ताद तर प्रत्येक तालमीत मिळतो. जॅझ सॅक्सोफोनचा मास्तर मात्र विचारून बघा! समोरचा आधी दोन सेकंद गप्प बसतो, मग विचारतो, "केनी जीच्या पुंगीसारखं असतंय ते?"

माझी गोष्ट साधी आहे. पुण्यातली आयटीतली नोकरी सोडून घरी परत आलो, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या एक्स्पोर्ट डिपार्टमेंटला चिकटलो. सोबत आणला एक सेकंडहॅन्ड ऑल्टो सॅक्स, 28,000 रुपयांचा. पुण्यात असताना यूट्यूबवर चार्ली पार्कर ऐकला आणि डोक्यात किडा शिरला, बस्स. पहिल्या रविवारी गच्चीवर फुंकला, तर खालून शेजारच्या काकूंचा आवाज, "अरे, कुत्र्याला कुणी मारलं का बघ जरा!"

म्हणजे गुरू हवाच. तीन-चार वीकेन्ड नुसती शोधाशोध झाली. वाद्यांच्या दुकानात सांगितलं, "गिटारचा क्लास आहे, कीबोर्डचा आहे. सॅक्स? भाऊ, मुंबईला जा." एका क्लासवाल्याने तर दोन महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले आणि पहिल्याच दिवशी बासरीचं पुस्तक समोर ठेवलं. फुंकायचंच ना शेवटी, असा त्याचा हिशेब. पैसे गेले ते गेलेच.

गंमत बघा, हे शहर काही सुरांच्या बाबतीत भिकारी नाही. अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी याच गावात आसरा दिला, देवल क्लब 1883 पासून आहे, सतार-तंबोऱ्यांचं मिरज तासाभरावर. ख्याल शिकायचा तर दाराशी गंगा. पण सॅक्स हे वाद्यच मुळात उपरं! अडॉल्फ सॅक्स नावाच्या बेल्जियन कारागिराने 1846 मध्ये पॅरिसला पेटंट घेतलं, ते मिलिटरी बँडवर डोळा ठेवूनच. आपल्याकडेही ते पलटणींच्या आणि संस्थानांच्या बँडमधून आलं आणि तिथून थेट लग्नाच्या वरातीत शिरलं.

हे मला आधी का सुचलं नाही, कोण जाणे. सुचलं ते मंगळवार पेठेत वरातीने ट्रॅफिक अडवला तेव्हा. बाइक बंद करून वैतागून उभा होतो. ढोल, ट्रम्पेट, जनरेटरचा खडखडाट... आणि त्या गोंधळातून एक सूर असा लांब, गोल, जाडसर निघाला की मी हॉर्न वाजवायचा थांबलो. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, वय साठीच्या पुढचं, हातात रंग उडालेला ऑल्टो. 'काश्मीर की कली' (1964) मधल्या रफीच्या त्या गाण्यात मनोहारी सिंगांनी जो सॅक्स वाजवलाय ना, तो तुकडा चालता चालता वाजवत होते! नवरदेवाच्या मित्रांना त्याचं काही नव्हतं. त्यांना 'झिंगाट' हवं होतं.

वरात मांडवाशी पोचल्यावर चहाच्या गाडीवर गाठलं. "शिकवाल का?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, गळ्यातल्या कंपनीच्या आयकार्डासकट.

"तुमी? कशाला? बँडात येतासा काय?"

"नाही, जॅझ..."

"जॅझ मला न्हाई येत," ते सरळ म्हणाले. "फुंकायचं शिकवतो. बघा पटतंय का."

आधीच्या क्लासवाल्यानंतर हे एक वाक्य ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

शिवाजी पेठेतल्या बोळात त्यांची दहा बाय दहाची खोली. भिंतीवर कालनिर्णय. माझे क्लास त्यावरच ठरतात. ज्या तारखेला लग्नाचा मुहूर्त नाही, त्या तारखेवर माझ्या नावाची पेन्सिलची खूण. पहिले दीड महिने एकही गाणं नाही. एकच सूर धरायचा, श्वास संपेपर्यंत. गवई पहाटे खर्ज लावतात ना, तेच हे. गाल फुगले की मास्तर बोटाने टोचतात. "गालातनं नव्हं, पोटातनं." रीडवर ब्लेड कशी फिरवायची, ओली कशी ठेवायची, तेही तिथेच कळलं. आणि सॅक्सचं गणित त्यांनी एका वाक्यात सोडवलं: ऑल्टोवर 'सी'ची बोटं ठेवली की निघते पेटीची काळी दोन, टेनरवर काळी पाच. मी हे तीन व्हिडिओ बघून समजून घेत होतो, बॉस!

जॅझचं व्याकरण मी वेगळं शिकतो, रविवारी रात्री ऑनलाइन, गोव्याच्या एका सरांकडून. स्विंग म्हणजे दोन सुरांतला पहिला लांब, दुसरा तोकडा. ब्लूज म्हणजे बारा बारचं आवर्तन, फिरून समेवर यायचं. गोव्याचं आणि या संगीताचं नातं जुनंच. चिक चॉकलेट हे गोव्याचेच ट्रम्पेटवाले, मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचे. आपल्या सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' (1951) मध्ये ते वाजवताना दिसतातसुद्धा. म्हणजे भगवानदादा ज्यावर नाचले, त्यात जॅझ होताच की! हे मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "आमी ती गाणी वरातीत किती वाजिवली, नाव ठाऊक नव्हतं एवढंच."

एकदा त्यांना पार्कर ऐकवला. डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "ह्यो कुठल्या बँडात?" 1955 मध्येच गेला, वय 34, असं सांगितल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. "फुंक बगा त्याची," एवढंच.

घरी अजून पचलेलं नाही. आई म्हणते, "इंजिनिअर होऊन बँडवाल्याकडे?" ऑफिसातही मी सुरुवातीला 'म्युझिक टीचर' म्हणायचो, उगाच. आता बँडवाले मास्तर म्हणतो. त्यांच्या मुलाने वाद्याला हात लावला नाही, तो डीजेची गाडी चालवतो, आणि मुहूर्ताच्या तारखाही दरवर्षी कमी भरतात.

मागच्या आठवड्यात बघितलं, वाजवताना ते तोंडातलं माउथपीस जरा डावीकडे सरकवत होते. वरचा पुढचा दात हलतोय. सॅक्स त्या दातांवरच टेकतो. डॉक्टर म्हणाले काढावा लागेल, शेजारचाही धड नाही. मास्तरांनी कालनिर्णय काढलं, पानं उलटली आणि आषाढी एकादशीनंतरच्या एका तारखेवर खूण केली. चातुर्मासात वराती नसतात, म्हणून. माझे क्लास मी तेव्हाच वाढवून घेणार होतो.

"कवळीवर फुंक बसती का हो?" त्यांनी मला विचारलं. "इंटरनेटवर बघून सांगा की. गणपतीची सुपारी घेतलीया मी."

त्या रात्री बघितलं. कवळी लावून वाजवणारे आहेत, पण ओठांची पकड पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागते, एकेक सूर धरून. सोमवारी मुहूर्त नाही. सांगायला जायचंय.