मुक्कामाची चूल

बदलीच्या नोकरीत वस्तूचे मोल तिच्या वजनावरून ठरते. ती ट्रंकेत मावेल काय, नव्या गावी तिचे सुटे भाग मिळतील काय, हे प्रश्न आम्ही आधी विचारतो. शोभेचा विचार मागाहून. रायपूरच्या चौबे कॉलनीतील आम्हा तीन मराठी कुटुंबांनी गेल्या पौषात मैनपाटच्या पठारावर दोन रात्री तंबूत काढण्याचे ठरविले, आणि स्वयंपाकाच्या साधनाची निवड माझ्याकडे आली. कारकुनाकडे कोणतेही काम सोपविले की तो त्याची फाईल करतो. मीही केली.

तीन दगडांच्या चुलीचा विचार प्रथम झाला आणि प्रथमच बाद झाला. सालवनात सुक्या पाचोळ्याला एक ठिणगी पुरते, आणि दवाने भिजलेली लाकडे पेटविण्यातच सकाळ जाते. अभयारण्यात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आग लावण्यास मनाईच आहे.

आईचे मत मात्र निश्चित होते. माळ्यावर तिचा पितळी स्टोव्ह आहे. काकडा, पिन आणि दोन जादा वायसर यांसकट. हा वंश थोर खरा. १८९२ साली स्वीडनमध्ये लिंडक्विस्टने तो घडविला, अ‍ॅमुंडसेनच्या तुकडीने तो १९११ साली दक्षिण ध्रुवावर नेला आणि १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही तोच होता. "अरे, त्याच्यावर मी पंचवीस माणसांचा स्वयंपाक केला आहे," आई म्हणाली. मी त्यावर वाद घातला नाही. परंतु रेशनवरील रॉकेल आटत गेले आहे, आणि स्टोव्हचा भडका उडाल्याच्या ज्या बातम्या आपण लहानपणी वाचल्या, त्यांत भाजलेली बहुधा घरातली सूनच असे. दोन लहान मुले भोवती बागडत असताना तो पेटविण्यास माझे मन धजेना.

उरला गॅस. त्याचेही प्रकार आहेत. हातात मावणारी डबी दिसायला फार देखणी. तिच्यात सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास वायू असतो. एक लिटर पाणी उकळण्यास बारा ते पंधरा ग्रॅम लागतात, म्हणजे हिशेबाने पंधरा-सोळा लिटर. पण हा हिशेब वारा नसताना. शिवाय या डब्यांत बहुतेक ब्यूटेन असतो, आणि तो शून्याच्या जरासे खालीच वायुरूप होतो. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांनाही होतो. मैनपाटला थंडीत गवतावरचे दव गोठते. त्यात वायू उडू लागला की डबी स्वतःही थंड होत जाते आणि ज्योत मलूल पडते. पहाटेच्या चहालाच धोका!

बाजारातील एका दुकानदाराने मला तिसराच मार्ग दाखविला. दोन-तीन किलोची टाकी, डोक्यावरच बर्नर, "घर के सिलेंडर से भरवा लीजिए, भैया." टाकीवर ना कोणते चिन्ह, ना तपासणीची तारीख. असे भरणे बेकायदा आहे, हे एकवेळ बाजूस ठेवू. पण हा वायू हवेहून जड असतो. गळाला तर तो वर निघून जात नाही, तंबूच्या तळाशी, निजलेल्या मुलांच्या अंथरुणाजवळ साचतो. स्वस्ताईचा हा अर्थ मनात आला आणि मी दुकानाची पायरी उतरलो.

अखेर पाच किलोचे अधिकृत सिलिंडर घेतले. २०२० सालापासून इंडेनने त्याला 'छोटू' असे लाडके नाव दिले आहे. पण नुसते पोलादच आतल्या वायूहून जड. सोबत रेग्युलेटर, नवी नळी आणि जमिनीवर घट्ट बसणारी वेगळी शेगडी. आगगाडीत सिलिंडर नेण्यास बंदी असल्याने अंबिकापूरच्या गाडीचा विचार सोडून जीप ठरविली. खर्च वाढला; सौभाग्यवतींनी तो डाळ-तांदळाच्या हिशेबात कसा बसविला, हे मी विचारले नाही.

पठारावर वारा होताच. शेगडीला तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा केला, सिलिंडर मात्र आडोशाबाहेर मोकळे ठेवले. हजार मीटरांहून अधिक उंचीवर पाणी ९६-९७ अंशांनाच उकळते, म्हणून वरण कुकरमध्ये लावले. रात्री थंडी वाढली तेव्हा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अहो भावोजी, शेगडी घटकाभर तंबूतच आणा ना, मुलं कुडकुडताहेत." त्यांचे म्हणणे स्वाभाविक होते. पण बंद कनातीत जळणारी ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडू शकते. त्याला वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागेही करीत नाही. मी नकार दिला, तो बहुधा जरा कठोरपणे. मग बाहेरच पाणी तापविले, रबरी पिशव्यांत भरले आणि त्या मुलांच्या पायाशी ठेवल्या. वहिनींचा अबोला सकाळच्या चहापर्यंत टिकला.

आईने तेवढ्यात नवी शेगडी दोनदा पुसली होती. बर्नरकडे बघत ती म्हणाली, "हिला पिन मारायला लागत नाही वाटतं?"