सारसांवर पिवळा डिस्टेंपर

गोंदिया जिल्ह्यातल्या एका शाळेच्या भिंतीवर मुलांनी रंगवलेली सारसांची जोडी पिवळ्या डिस्टेंपरखाली गेली, त्याला आता बराच काळ लोटला. माझा राग मात्र तसाच आहे, आणि तो निवावा असं मला वाटतही नाही.

मी वन्यजीव रंगवते. प्रदर्शनं मुंबई-पुण्याला होतात. जहांगीर कलादालनाची तारीख मिळायला किती वर्षं थांबावं लागतं, हे चित्रकारांना सांगायला नको. तिथे येणाऱ्या दहातली आठ माणसं तरी विचारतातच, ‘वाघ नाही का?’ सारसाच्या चित्रापुढे एका गृहस्थांनी विचारलं, ‘हा फ्लेमिंगो ना?’ उडणाऱ्या पक्ष्यांतला जगातला सर्वांत उंच पक्षी आपल्याच राज्यात आहे, उभा राहिला तर जवळपास माणसाएवढा भरतो, आणि आपल्याला तो ओळखता येत नाही! तेव्हाच ठरवलं, सारस जिथे राहतो तिथल्या लोकांबरोबर काम करायचं.

महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः गोंदियात, वैनगंगेच्या आसपास, मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे खाचरांच्या, आधाराने. पावसाळ्यात रोवणी झाली की तो बांधीतच गवताचा ढीग रचून घरटं करतो. साधारण दोन अंडी, महिनाभर नर-मादी आळीपाळीने बसतात. तेवढ्या जागेतलं धान जातं. ते नुकसान शेतकऱ्याचं असतं, आपलं नव्हे. म्हणून भिंतही शेतकऱ्यांच्याच मुलांनी रंगवावी, असं मला वाटलं.

भिंत घासली, प्रायमर मारला. मुलांनी पांढऱ्यात काळा स्टेनर थेंबाथेंबाने टाकत राखाडी रंग केला. पिसांना नुसता राखाडी चालत नव्हता. एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, पाऊस यायच्या आधीचं आभाळ असते ना, तसा पाहिजे.’ मग चिमूटभर निळा घातला. डोक्याचा लाल रंग मानेवर नेमका कुठे संपतो, यावर दोन मुलांचं कडाक्याचं भांडण झालं. एकाच्या बांधीत घरटं झालेलं होतं, त्यामुळे त्याचा शब्द शेवटचा ठरला. माथ्यावर लाल नसतो, तिथे राखी-हिरवट टक्कल असतं, हेही त्यानेच सगळ्यांना बजावलं. पक्षी इतका बारकाईने पाहिलेले डोळे मला मुंबईत भेटत नाहीत.

पुढे कुणी मोठे अधिकारी येणार म्हणून शाळा ‘सुशोभित’ करायचं ठरलं. कुणाला विचारलं नाही, कळवलं नाही. एका दुपारी माणसं आली आणि भिंतीवर पिवळा हात फिरवून गेली. वर योजनांची माहिती लिहायची होती. मी पोचले तेव्हा एकच हात बसला होता. खालून मानेचा लाल अजून गुलाबीसर दिसत होता, जोडीजवळ काढलेल्या पिल्लाची चोच पूर्ण ओळखता येत होती. मुलं भिंतीपाशी उभी होती. त्यांच्या डोळ्यांदेखत दुसरा हात मारला. मी विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं, ‘मुलांनीच काढलेलं ना मॅडम? पुन्हा काढता येईल की.’

हे वाक्य मला अजून गिळता येत नाही. कलादालनातल्या चौकटीतल्या चित्राबद्दल असं कुणी बोलेल? तिथे बोट लावलं तरी पहारेकरी धावतो. मुलांची मेहनत, त्यांचं निरीक्षण, त्यांचा तो वाद, याला काहीच किंमत नाही? आणि ‘पुन्हा काढा’ म्हणणाऱ्याने, ज्याच्या बांधीत घरटं झालं होतं त्या मुलाच्या चेहऱ्याकडे एकदा तरी पाहायला हवं होतं. त्या मुलाने त्यानंतर ब्रश हातात घेतला नाही.

अशी कामं करणाऱ्यांना माझं सांगणं आहे, तोंडी परवानगीवर रंगाचा डबा उघडू नका. ग्रामसभेचा ठराव घ्या, लेखी घ्या. भिंत किती वर्षं ठेवणार, पुसायची वेळ आली तर आधी कुणाला विचारणार, तेही त्यात लिहून घ्या. चित्राखाली मुलांची नावं ठळक घाला. नाव असलेली भिंत पुसताना हात थोडा तरी अडखळतो.

खरं तर भित्तिचित्र टिकण्यासाठी नसतंच, उन्हापावसात ते विरत जावं, असं मीच कलाशाळेतल्या मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले. आजही ते चूक वाटत नाही. मग एवढा संताप कशाचा, हे मला नीट सांगता येत नाही. पावसाने नेलं असतं तर मी हळहळलेसुद्धा नसते.

त्याच गावातल्या एका बाईंनी आता स्वतःच्या घराची भिंत देऊ केली आहे. अट एकच, ‘सारस नको. आमच्या बांधीत घरटं झालं, तिथलं धान गेलं. बैलजोडी काढा.’ ऐकून वाईट वाटलं. पण भिंत त्यांची, नुकसानही त्यांचं. मी हो म्हटलंय, आणि बैलांमागे बांधी काढायची परवानगी तेवढी मागून घेतली आहे. बांधीत काय उभं करायचं, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.